तीन सेकंदांची धाव

संध्याकाळचे साडेपाच. बुलढाणा जिल्ह्यातलं घाटाखालचं कोणतंही गाव घ्या, नांदुऱ्याकडचं घ्या नाही तर संग्रामपूरकडचं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानाला लागून एखादा कडुलिंब असतोच. त्याच्याखाली बसा आणि खेळणाऱ्या घोळक्यातलं एकच पोट्टं नजरेत धरा. दर तीन सेकंदांनी त्याचं काय चाललंय ते वहीत टिपत जा: पळतंय, उभं आहे, वाकून चप्पल शोधतंय, दुसऱ्याच्या पाठीवर लटकलंय, पुन्हा पळतंय. पाच मिनिटांत तुमचा हात भरून येईल. त्याचे पाय मात्र भरून येणार नाहीत. तुमच्या शेजारीच, धाकट्या भावाला कडेवर घेऊन, बाराएक वर्षांची एक मुलगी खेळ बघत उभी असेल. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

हा वहीचा उद्योग खरोखर केला गेलेला आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सहा ते दहा वर्षांच्या पंधरा मुलांमागे निरीक्षक बसवले आणि दर तीन सेकंदांची नोंद ठेवली. निघालं ते गमतीचं होतं. मुलाच्या जोरकस हालचालीचा एकेक झटका जेमतेम तीन सेकंदांचा. शंभरातले पंच्याण्णव झटके पंधरा सेकंदांच्या आत आटोपलेले. मोठा माणूस सकाळी रस्त्याच्या कडेनं अर्धा तास एकाच चालीनं चालतो. सात वर्षांचं मूल तसं कधीच करत नाही. ते फुलबाजीसारखं तडतडत जगतं. म्हणून त्याला ‘चल माझ्यासोबत चार किलोमीटर फिरायला’ म्हटलं की तोंड उतरतं, आणि त्याच पोराच्या हाती लगोरीचा चेंडू दिला की अंधार पडला तरी ते घराकडे फिरकत नाही. आजी म्हणते, ‘याच्या पायाले भिंगरी हाय.’ आजीचं निरीक्षण शास्त्रज्ञांच्या वहीपेक्षा फार वेगळं नाही.

आता या तीन सेकंदांच्या तुकड्याशेजारी खो-खोचा डाव ठेवून बघा. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद मैदान. दोन टोकांना दोन खांब. मधल्या पाटीवर आठ जण उकिडवे बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे, आणि नववा पाठलागावर. पळणारा कुठूनही कुठेही शिरू शकतो, पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही की निम्म्यातून माघारी वळता येत नाही. मग तो काय करतो? पाच-सहा पावलं जिवाच्या आकांतानं धावतो, बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ देतो, आणि त्याच्या जागी बसतो. झटका, विश्रांती, झटका, विश्रांती. लहान मुलाचं शरीर जसं आपणहून वागतं त्याच मापानं कुणीतरी खेळ बेतून ठेवलाय. कुणी बेतला याचा पत्ता नाही; कित्येक पिढ्यांच्या पोरांनीच तो घासून घासून असा केला असावा असं मला वाटतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली त्याला लेखी नियम दिले. त्याच वर्षी इकडे आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचं पथक आपले देशी खेळ जगाला दाखवून आलं. आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे.

मुलं दमत कशी नाहीत, याचाही शोध घेतला गेला आहे. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी वयात न आलेले मुलगे, व्यायाम न करणारी मोठी माणसं आणि राष्ट्रीय पातळीवरचे दमदार खेळाडू अशा तिघांनाही सायकलवर जीव खाऊन पाय मारायला लावले. दमण्याच्या बाबतीत मुलगे सामान्य मोठ्यांच्या नव्हे, थेट त्या खेळाडूंच्या पंगतीला जाऊन बसले. थांबल्यावर दम परत येण्यात तर त्यांनी खेळाडूंनाही मागे टाकलं. मुलांचे स्नायू हवेतल्या प्राणवायूवर जास्त भिस्त ठेवून काम करतात, त्यामुळे थकवा आणणारी रसायनं त्यांच्यात कमी साचतात आणि साचली तरी लवकर निघून जातात. म्हणजे चौथीतलं जे पोट्टं तुम्हाला ‘बस झालं आता’ म्हणायला लावतं, त्याच्या मांड्यांत काही काळापुरता एक धावपटू मुक्कामाला आलेला असतो. वयात आल्यावर तो निघून जातो.

इथवर सगळं कौतुकाचं. आता एक हिशेब मांडू, तो जरा बोचणारा आहे.

तीस किलो वजनाचं मूल तासभर हुंदडलं तर साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी खर्च होतात. किराणा दुकानाच्या दारात माळेसारखी लटकलेली कुरकुरीत तळलेल्या खाऊची पाकिटं बघा. त्यातला तीस ग्रॅम खाऊ पोटात गेला की तेवढ्याच, दीडशेच्या वर, कॅलरी परत येतात. तासाची धाव, दोन मिनिटांचं चघळणं. खेळाचं काम चरबी जाळणं एवढंच असतं, तर हा व्यवहार तोट्याचा म्हणून केव्हाच मोडीत काढावा लागला असता. ‘पळ, म्हणजे बारीक होशील’ असं जाड मुलाला सांगणाऱ्या मोठ्यांचं चुकतं ते इथंच. मुलाला ते शिक्षेसारखं लागतं, आणि गणितही जुळत नाही.

मग खेळणारी मुलं सहसा आटोपशीर का राहतात? उत्तराचा एक धागा कलकत्त्याजवळच्या ताग गिरणीत सापडतो. १९५६ साली ज्याँ मेयर या पोषणतज्ज्ञानं आपल्या बंगाली सहकाऱ्यांबरोबर तिथल्या दोनशेवर माणसांचं काम, जेवण आणि वजन यांचा ताळा घेतला. हलकं काम करणाऱ्यापासून गाठोडी वाहणाऱ्या हमालापर्यंत काम वाढत गेलं तसं जेवणही वाढत गेलं, आणि वजन जवळपास तेवढंच राहिलं. भूक कामाला चोख ओळखत होती. पण दिवसभर बैठक मारणारे कारकून आणि दुकानवाले पाहिले तर ते हमालांच्या बरोबरीनं जेवत होते आणि अंगानं चांगलेच भरले होते. हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा काटाच बिघडतो, असं मेयरला दिसलं. शरीराला किती लागतं हे सांगणारा आतला मापाड्या जागा राहण्यासाठीच थोडं हिंडावं लागतं. सुट्टीत दिवसभर मोबाइल घेऊन पडलेलं पोर दर अर्ध्या तासानं ‘काही खायला दे ना’ म्हणत का येतं, याची या गिरणीमुळे मला जरा उकल झाली. त्याला भूक लागलेली नसते; त्याचा मापाड्या पेंगलेला असतो.

दुसरा धागा अधिक खोल जातो, आणि तो समजून घ्यायला लोणारपासून सुरुवात केलेली बरी.

लोणारच्या विवराच्या काठावर उभं राहिलं की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की हे कधी झालं? आकाशातून आलेला दगड काळ्या बेसाल्टवर आदळला आणि पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पडला, हे कळलं, पण कधी? आधी बावन्न हजार वर्षं असा अंदाज होता. मग २०१० साली, आदळण्याच्या उष्णतेनं वितळलेल्या खडकातला आर्गॉन वायू मोजून शास्त्रज्ञांनी वय सांगितलं सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं. खडकातले अणू हेच त्याचं जन्मटिपण.

आता हाच प्रश्न माणसाच्या चरबीच्या पेशीला विचारायचा म्हटलं तर? तू कधी जन्मलीस? तिलाही जन्मटिपण असतं, आणि ते लिहिलंय अणुबॉम्बनं. १९५५ ते १९६३ या काळात बड्या देशांनी उघड्या आकाशात इतके अणुस्फोट केले की हवेतला किरणोत्सारी कार्बन, कार्बन-१४, जवळजवळ दुप्पट झाला. त्या चाचण्या थांबल्यावर तो वर्षागणिक घटत गेला. हवेतला कार्बन झाडात येतो, ज्वारीच्या कणसात येतो, भाकरीतून माणसात येतो. आणि पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेचं प्रमाण कायमचं कोरलं जातं. कुणी साठ साली आपल्या ज्वारीची भाकर खाल्ली असेल, तर प्रशांत महासागरातल्या एखाद्या स्फोटाची बारीक सही त्याच्या अंगात उमटली असणार. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ही सही वाचून चरबीच्या पेशींचं वय काढलं.

त्यांना दिसलं ते असं. मोठ्या माणसाच्या अंगातल्या चरबीच्या पेशींपैकी दरवर्षी सुमारे दहा टक्के मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात. संख्या मात्र हलत नाही. माणूस जाड झाला की पेशी फुगतात, बारीक झाला की आकसतात. पोटाचं ऑपरेशन करून पन्नास किलो उतरवले तरी पेशींची मोजदाद तेवढीच राहते. ती मोजदाद ठरते लहानपणी आणि किशोरवयात. विशीच्या आसपास पाटी कोरली जाते आणि पुढे आयुष्यभर तीच. जी मुलं पुढे लठ्ठ होतात त्यांच्यात पेशींची ही वाढ इतरांच्या कितीतरी आधी, दोनेक वर्षांच्या वयातच, जोर धरते.

चाळिशीतला माणूस सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं घाम गाळतो तेव्हा त्याच्या हाती असतं फक्त पोत्यांमधला माल कमी करणं. गोदामात पोती किती ठेवायची, हा निर्णय तो शाळेत असतानाच होऊन गेलेला असतो. लहान वयातल्या खेळाकडे वजनकाट्याच्या नव्हे, बांधकामाच्या नजरेनं बघायला हवं ते यासाठी. मूल पळत असतं तेव्हा आत घर बांधलं जात असतं, आणि गवंडी पुन्हा येणार नसतो.

यावर वऱ्हाडातला बाप हसून म्हणेल, ‘आमचं पोट्टं त काडीवानी हाय, त्याले कुठचा आला लठ्ठपणा?’ बरोबरच दिसतं त्याला. पण काडी फसवी असते, आणि ती कशी फसवते ते सांगणारा माणूस आपल्या पुण्यातला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पिच्छा पुरवला. तिथली बाळं सरासरी दोन किलो सातशे ग्रॅमची. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं वजन साडेतीन किलो. आठशे ग्रॅमचा फरक. पण तो फरक सगळीकडे सारखा वाटलेला नव्हता. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत. गरिबीनं कुठे काटकसर करायची ते जणू ठरवून केलेलं. बारीक-पण-चरबीदार अशा या बाळांनी जगभरच्या डॉक्टरांना विचारात पाडलं.

याज्ञिकांनी याचा पुरावा स्वतःच्याच अंगाचा दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. बघणाऱ्याला दोघं सारखेच सडसडीत. पण यंत्रानं मोजलं तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. एकाच मापाचे दोन सदरे आणि आत वेगळाच माल. तेव्हा आपल्याकडे लठ्ठपणा नेहमी ढेरीच्या रूपानं येईलच असं नाही. तो काडीच्या वेषातही येतो, आणि साखरेचा आजार बरोबर घेऊन येतो. दृश्य लठ्ठपणाही आता दूर राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण देशात २०१५-१६ साली २.१ टक्के होतं, ते २०१९-२१मध्ये ३.४ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात तर १.९वरून ४.१वर. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली दर तीन मुलांमागे एकाहून जास्त मुलं उंचीनं खुजी निघाली. कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच अंगणात नांदताहेत.

अशा मुलाला खेळ काय देतो? पहिलं म्हणजे स्नायू, ज्यांची त्याला जन्मापासून वानवा आहे. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर उचलणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. त्यांच्या पेशीला दारं असतात आणि ती उघडायची एक किल्ली म्हणजे इन्शुलिन. पण त्या दाराला आतूनही एक कडी आहे, आणि ती स्नायू आकुंचन पावला की आपोआप निघते. इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. कबड्डीत एखाद्याचा पाय धरून ओढणाऱ्या पोराच्या दंडात आणि मांडीत त्या घटकेला लाखो कड्या खटाखट निघत असतात. खेळ संपला तरी पुढचे कित्येक तास ते स्नायू साखरेला जास्त मोकळेपणानं आत घेत राहतात. संध्याकाळी खेळून आलेल्या पोराची रात्रीची भाकर वेगळ्या वाटेनं जाते, असं म्हटलं तरी चालेल.

आणि दुसरं, हाडं. इथं मला जरा जास्त रेंगाळायचं आहे.

हाड म्हणजे निर्जीव वासा नव्हे. त्याच्या आत जिवंत पेशी रुतून बसलेल्या असतात, एकमेकींना केसाहून बारीक कालव्यांनी जोडलेल्या. पाय जमिनीवर आपटला की हाड किंचित वाकतं, कालव्यांतलं पाणी हलतं, आणि पेशींना निरोप पोचतो: इथे भार येतोय, इथे चुना लावा. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये २००१ साली एक साधा प्रयोग झाला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना दोन फूट उंच खोक्यावरून दोन्ही पायांवर उडी मारायला सांगितलं. शंभर उड्या, आठवड्यातून तीन दिवस, सात महिने. त्यांच्या खुब्याच्या हाडात इतर मुलांपेक्षा साडेचार टक्के जास्त खनिज जमलं. जनावरांवरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली: काही डझन धक्क्यांनंतर हाडातल्या पेशी बहिऱ्या होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ऐकू लागतात. थोडं आपटा, थांबा, पुन्हा आपटा.

आता सांगा, लंगडी आणखी काय असते? एका पायावर सगळं अंग तोलून ठाण ठाण उडत जायचं, दम संपला की पाय टेकून बाद व्हायचं, आणि पुन्हा आपली पाळी येईपर्यंत बसून राहायचं. ऑरेगॉनच्या संशोधकांना खोकी आणावी लागली. आपल्याकडे खडूनं एक चौकोन आखला की झालं. सूरपारंब्यांत फांदीवरून मारलेली उडी, विटीदांडूतली हूल, दोरीवरच्या उड्या, भाऊबहिणींची घराच्या ओट्यावरून खाली उडी मारायची पैज, हे सगळं हाडांच्या बहिऱ्या-ऐकत्या पेशींशी चाललेलं बोलणं आहे.

हे बोलणं ऐकायला हाडं सर्वांत आतुर कधी असतात? कॅनडात शेकडो मुलांची हाडं वर्षानुवर्षं मोजून याचं उत्तर मिळवलं गेलं. मोठेपणी अंगात जितकं हाड असतं त्याचा सुमारे पाव हिस्सा अवघ्या दोन वर्षांत जमतो. मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींमध्ये साडेबाराव्या वर्षाच्या मागेपुढे. जुन्या वाड्यांत धान्याचं पेव असायचं तसं हे पेव. तिशीपर्यंत भरायचं आणि नंतर आयुष्यभर त्यातून काढत राहायचं. सत्तरीत घसरून पडलेल्या आजीचा खुबा मोडतो की राहतो, हे त्या पेवात किती उरलंय त्यावर ठरतं.

साडेबारा वर्षं. सहावी-सातवी. आपल्याकडे नेमकं याच वयात मुलीला सांगितलं जातं की आता मोठी झालीस, पोरांसारखी धिंगाणा घालू नको, भावाला सांभाळ, पाणी भर. निसर्ग पेव उघडून बसलेला असतो आणि त्याच दोन वर्षांत आपण तिला मैदानातून उठवतो. दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजात जिजाऊंच्या जन्मस्थळी माणसांचा सागर लोटतो. घोड्यावर बसणाऱ्या, तलवार पेलणाऱ्या जिजाऊ आपण मुलींना भाषणांतून सांगतो. त्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्या मुलींपैकी किती जणी त्या संध्याकाळी लंगडी खेळल्या असतील, असा प्रश्न माझ्या मनात दरवर्षी येतो. घागर भरून आणणं हेही कष्टच, ते हाडाला थोडं देतं. पण उडीचा तो दणका त्यात नाही, आणि हसणंही नाही.

मैदानाचा एक जोडधंदाही आहे. तो वजनाशी फारसा जोडलेला नाही, पण घरातल्या घरात नाचून मिळत नाही म्हणून सांगतो: डोळे. चीनमधल्या ग्वांगचौ शहरात बारा शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्तीची, उघड्यावर काढायला लावली. तीन वर्षांनी इतर शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसू लागलं होतं. उघड्यावर खेळलेल्यांमध्ये ते प्रमाण ३०.४ टक्के. भर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन हे रसायन झिरपतं आणि ते बुबुळामागच्या गोळ्याला अवाजवी लांब वाढू देत नाही. घरातल्या दिव्याचा उजेड तीनशे ते पाचशे लक्स, भर उन्हाचा लाखाच्या घरात. पण आपल्याला ऊन घ्यायचंच असं नाही. झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स मिळतात. कडुलिंबाखालची गोट्यांची रिंगणं डोळ्यांना पुरेशी आहेत.

लांबचं बघणं म्हटलं की बुलढाण्याचा प्रथमेश जावकर आठवतो. कंपाउंड धनुर्विद्येत तिरंदाज पन्नास मीटरवर उभा राहतो आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं आठ सेंटीमीटरचं, चहाच्या बशीहूनही लहान. मे २०२३मध्ये शांघायच्या विश्वचषकात एकोणीस वर्षांच्या या पोरानं जगातला अव्वल नेदरलँड्सचा माइक श्लोसर याला अंतिम फेरीत १४९-१४८ असं हरवलं. दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तो भारताच्या सुवर्णविजेत्या संघात होता. सगळी मुलं काही प्रथमेश होणार नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. पण घाटावरच्या एका जिल्ह्याच्या गावातून शांघायच्या बशीपर्यंत नजर पोचू शकते एवढं पोट्ट्यांना कळलं तरी पुष्कळ.

किती खेळावं? जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं सांगते, दम लागेल अशी. त्यात आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायूंना ताण देणारं काही. अकरा ते सतरा वयोगटातली जगातली ८१ टक्के मुलं तेवढंही करत नाहीत. साठ मिनिटं सलग नकोत, हे तीन सेकंदांच्या नोंदींनी आपल्याला आधीच सांगितलंय. शाळेत जाताना दहा, मधल्या सुट्टीत वीस, संध्याकाळी उरलेली.

मात्र इथली हवा पुस्तकातली नाही. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी मैदानात पोरं सोडणं म्हणजे त्यांना तव्यावर सोडणं. राजूर घाट चढून बुलढाण्याला आलं की तेवढीच जरा झुळूक. उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आधी आणि सूर्य कलल्यावर, मध्ये पाण्याचा तांब्या. हे आपल्या आज्यांना कुठल्याही संघटनेनं सांगितलेलं नव्हतं. हिवाळ्यात उलटं करावं. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर असतानाच जमिनीवर नीट पोचतात, आणि त्याची ओळख सोपी आहे: आपली सावली आपल्याहून आखूड पडली की समजायचं ते आलेत. डिसेंबरात दुपारच्या सुट्टीत पोरं उन्हात हुंदडली तर त्यांना आत बोलावू नये. पावसाळ्यात भारी काळ्या मातीचं मैदान पायाला किलो-किलोनं चिकटतं. त्या चिखलात कबड्डी खेळल्यावर कपड्यांचं काय होतं ते आयांना विचारा, पण तेवढं वजन उचलत धावणाऱ्या मांड्यांचं काय होतं ते आता तुम्हाला माहीत आहे.

पैशांचा तर यात प्रश्नच येत नाही. लगोरीला सात खापऱ्या लागतात, लंगडीला खडू, खो-खोला खांब नसतील तर दोन काठ्या. जे लागतं आणि मिळत नाही ते म्हणजे तासभर कुणी हाक न मारणं. शिकवणी, गृहपाठ, पाहुणे, आणि सगळ्यांच्या वर तो हातातला चकाकणारा पडदा, जो पोराला शांत ठेवतो म्हणून आपणच त्याच्या हाती दिलेला असतो.

परत लिंबाखाली येऊ. उजेड आता पिवळा होऊन सरत आलाय. कुणाची तरी आई कुंपणापाशी येऊन ओरडते, ‘अंधार झाला न रे पोट्टेहो, या आता घरी!’ मैदानातून उत्तर येतं, ‘एकच डाव राह्यला व माय!’ एक जण गुडघा फोडून घेऊन बाहेर पडलाय आणि रक्तावर माती दाबत बसलाय, त्यामुळे पाटीवरची एक जागा रिकामी. इतका वेळ भावाला घेऊन उभी असलेली ती बारा वर्षांची मुलगी एकदा घराच्या दिशेनं बघते. मग भावाला झाडाच्या बुंध्याशी बसवते, ओढणी कमरेला खोचते आणि रिकाम्या जागेवर जाऊन उकिडवी बसते. तीनेक सेकंद जातात. पाठीवर थाप पडते.

‘खो!’